चार फूट खाली, फॉस्फेटेजच्या शोधात

"खोल मातीतील निद्रिस्त एन्झाइम्स जागृत करते." कृषी केंद्राच्या काउंटरवर मांडलेल्या एका बाटलीवर हे ठळक अक्षरांत छापलेलं होतं. माझे दिवसचे दिवस मातीतल्या याच एन्झाइम्सच्या मागे जातात, त्यामुळे राहवलं नाही. दुकानदाराला विचारलं, "जागी झाली हे कळते कसं?" तो म्हणाला, "पीक हिरवंगार दिसते ना ताई." बाटलीत नुसता युरिया कालवला तरी पीक हिरवंगार दिसतं. पण पेरणीचे दिवस, दुकानात गर्दी, मी गप्प बसले. तिथे जे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते.

मी मृदाशास्त्राच्या एका प्रयोगशाळेत काम करते आणि सध्याचं काम पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतला हा पट्टा वऱ्हाडाबाहेरच्यांना 'खारं पाणी' एवढ्यापुरताच माहीत असतो. विहिरीचं पाणी खारं, म्हणून ओलीत नाही, म्हणून सगळं पावसावर. पण खरी गंमत पाण्यात नाही, त्या पाण्याच्या वरच्या चार-पाच फूट काळ्या मातीत आहे. वरून बघाल तर जमीन अशी की कोणीही म्हणेल, सोनं आहे. वीतभर खोलीचा नमुना तपासला तर अहवालही बहुतेक वेळा बरा येतो. बिघडलेलं असतं ते खाली.

मातीतली एन्झाइम्स म्हणजे काय ते आधी थोडक्यात. जिवाणू आणि बुरश्यांना तोंड नसतं. पालापाचोळा, मुळांचे तुकडे, मेलेल्या पेशी हे सगळं त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठं. म्हणून ते प्रथिनांची ही हत्यारं पेशीबाहेर सोडतात. ती बाहेरच मोठे रेणू तोडतात आणि विरघळलेले बारके तुकडे पेशी आत ओढून घेते. फॉस्फेटेज सेंद्रिय पदार्थातून फॉस्फेट सोडवतं, बीटा-ग्लुकोसिडेज सेल्युलोज तोडण्याच्या शेवटच्या टप्प्यावर ग्लुकोज मोकळं करतं, युरिएज युरियाचा अमोनिया करतं. मातीत अशी एन्झाइम्स असतात हे १८९९ मध्ये अमेरिकेतल्या अल्बर्ट वूड्स यांनी प्रथम मांडलं. एन्झाइम म्हणजे प्रथिनच, हे मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ठरलं. १९२६ मध्ये जेम्स समनर यांनी आपल्या अबईच्या जातकुळीतल्या एका शेंगेच्या दाण्यांतून युरिएजचे स्फटिक वेगळे काढले. लोकांनी बरीच वर्षं शंका घेतली, आणि १९४६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

यातला बहुतेक अभ्यास वरच्या १५ सेंटिमीटर मातीवरच झालेला आहे. कारण साधं आहे. वरची माती खुरप्यानेही निघते. खालच्या मातीसाठी खड्डा लागतो, खड्ड्यासाठी जेसीबी, आणि जेसीबीसाठी शेतकऱ्याची परवानगी. दर्यापूरच्या बाजूच्या ज्या शेतात आम्ही मे महिन्यात खड्डा घेतला, तिथले काकाजी बांधावर उभे राहून सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, एवढ्या खाली कायले जाता? पीक त वरच येते ना."

खड्ड्यात उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती वासाची. वरची माती ओली केली की पहिल्या पावसाचा तो ओळखीचा वास येतो. तो जिओस्मिनचा, आणि ते मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू तयार करतात. तीन फुटांखालचं ढेकूळ ओलं केलं तर वास जवळजवळ नाहीच. नाकाने मातीची तपासणी करू नये हे मान्य, पण हात आपोआप नाकाकडे जातो.

मग भिंत बघायची. वरचा फूटभर भाग भुसभुशीत, मुळांनी विणलेला. त्याखाली ढेकळं मोठी आणि कोनदार होत जातात. साधारण दोन-अडीच फुटांवर ती तिरप्या पाचरींसारखी एकमेकांवर बसलेली दिसतात, आणि त्यांचे पृष्ठभाग घासून चकचकीत झालेले असतात. ओली झाली की फुगणारी आणि वाळली की आकसणारी ही माती स्वतःवरच सरकते, त्याच्या या खुणा. अजून खाली पांढरे चुनखडीचे खडे. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडला की चर्र करून फेस येतो. काकाजींना हा प्रकार फार आवडला, बाटली मागून घेऊन त्यांनी स्वतः चार-पाच ठिकाणी थेंब टाकून बघितले.

हा चुनखडा निरुपद्रवी दिसतो, पण खारपाणाच्या गोष्टीतला खलनायक तोच. कमी पावसाच्या हवामानात मातीतल्या पाण्यातलं कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने खाली बसतं. कॅल्शियम असं अडकलं की मातीच्या कणांवरच्या जागा सोडियम बळकावतं, आणि खोलीनुसार त्याचा वाटा वाढत जातो. सोडियम वाढलं की चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, सुटे होतात, बारीक छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही, हवा जात नाही. जगभरातल्या पुस्तकांत कणांवरच्या सोडियमचा वाटा १५ टक्क्यांच्या पुढे गेला की जमीन चोपण म्हणायची असा दंडक आहे. पूर्णा खोऱ्यात नागपूरच्या मृदाशास्त्रज्ञांनी केलेल्या कामातून दिसलं की इथे ५ टक्क्यांच्या आसपासच पाण्याची वाट बंद व्हायला लागते. म्हणजे पुस्तकाच्या हिशेबाने निरोगी असलेली माती इथे तीन फुटांवर आधीच गुदमरलेली असते.

आता असल्या मातीत जिवाणू काय करत असतील?

नमुने बर्फाच्या पेटीत घालून आणायचे. वाळवायचे नाहीत, कारण डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम जिवंत पेशीच्या आतच काम करतं आणि माती वाळली की ते मोजण्यात अर्थ उरत नाही. ओली काळी माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढणं हे काम ज्याने केलं त्यालाच कळेल. चाळणीची छिद्रं बुजतात, माती बोटांना चिकटते, आणि शेवटी आपण माती चाळतोय की कणीक तिंबतोय हेच कळेनासं होतं.

फॉस्फेटेजसाठी तबातबाई आणि ब्रेमनर यांची १९६९ ची पद्धत आम्ही अजूनही वापरतो. चंचुपात्रात एक ग्रॅम माती, वर बफर (सामू, म्हणजे पीएच, स्थिर ठेवणारं द्रावण), जिवाणूंची वाढ रोखायला टोल्युईनचे काही थेंब आणि एक कृत्रिम खाद्य, पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट. ३७ अंशांवर एक तास ठेवायचं. एन्झाइमने फॉस्फेट तोडलं की मागे नायट्रोफेनॉल उरतं, आणि अल्कली घातल्यावर ते पिवळं दिसतं. जितकं गडद पिवळं, तितकं एन्झाइम जास्त. आम्ही अल्कलाइन फॉस्फेटेज मोजतो, कारण आपली माती अल्कधर्मी, आणि दुसरं म्हणजे हे एन्झाइम वनस्पतींची मुळं बनवत नाहीत. ते सापडलं म्हणजे सूक्ष्मजीवांचंच.

वरच्या थराचा नमुना हळदीसारखा पिवळा येतो. ३० ते ६० सेंटिमीटरचा फिका. ९० च्या खाली रंग आहे की भास आहे, असा प्रश्न पडतो. त्यात चोपण थराची एक जास्तीची खोड आहे. अल्कली घातली की माती सुटी होऊन गाळणकागदातून खाली उतरते, आणि काळपट सेंद्रिय पदार्थही विरघळून द्रव तपकिरी करतो. ते टाळायला कॅल्शियम क्लोराईड घालतात. पण सोडियमने भरलेल्या मातीत तेही अपुरं पडल्यासारखं वाटतं, आणि गाळण थेंब-थेंब चालतं. म्हणून प्रत्येक नमुन्याचं स्वतःचं कंट्रोल लावावं लागतं, म्हणजे तीच माती, तीच रसायनं, फक्त खाद्य शेवटी घालायचं. खोल नमुन्यात कंट्रोल आणि खरा नमुना शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही. यंत्राला कळतो, पण जेमतेम.

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. खाली गेलं की सेंद्रिय कर्ब (म्हणजे कार्बन) कमी, जिवाणू कमी, एन्झाइम कमी. जगातल्या बहुतेक मातींत हाच नकाशा मिळतो. पण आकडा ग्रॅममागे काढला की तो खोल थरावर जरा अन्यायच करतो. प्वेर्तो रिकोच्या लुकियो डोंगरांत १४० सेंटिमीटरपर्यंत केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये आला. त्यात ग्रॅममागचं एन्झाइम खोलीनुसार घसरत होतं. तेच जिवाणूंच्या वस्तुमानाने भागल्यावर मात्र खालचे जिवाणू वरच्यांपेक्षा मागे नव्हते, काही ठिकाणी पुढेच होते. खाली लोकसंख्या विरळ आहे, आहेत ते मात्र हातपाय गाळून बसलेले नाहीत. मग 'निद्रिस्त' कोण?

शिवाय आम्ही प्रयोगशाळेत मोजतो ती क्षमता असते. एखाद्या मजुराला पोटभर जेवू घालून, सावलीत बसवून, हवं तेवढं सामान हाताशी देऊन तो तासाला किती काम करतो ते बघावं, तसं. खाद्य मुबलक, तापमान ३७ अंश, बफरचा सामू ११. तिथे चार फुटांवर प्रत्यक्षात काय आहे? खाद्य दुर्मीळ, सामू ९ च्या आतबाहेर, पाणी कणांच्या मधल्या पापुद्र्यांत अडकलेलं. एन्झाइम एका फटीत आणि त्याचं खाद्य दुसऱ्या फटीत, मधे चिकणमातीची भिंत. शोधनिबंधात 'क्रियाशीलता' असं लिहून आम्ही मोकळे होतो, पण शेतात त्यातली किती क्रिया खरंच घडते हे त्या आकड्यावरून निघत नाही. कुणी तुम्हाला एन्झाइमचा अहवाल दाखवून औषध विकत असेल तर एवढं लक्षात ठेवा.

बाटलीबद्दलही इथेच बोलून टाकते. समजा, त्यात खरोखरच एन्झाइम्स आहेत. जमिनीवर ओतल्यावर पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच चिकणमातीचे कण त्यांना चिकटवून घेतात. आपल्या काळ्या मातीतलं स्मेक्टाइट खनिज या कामात पटाईत आहे. जे चिकटत नाही ते प्रथिन म्हणून जिवाणू खाऊन टाकतात. चार फूट खाली पोचायचा प्रश्नच येत नाही. चिकटण्याची दुसरी बाजू मात्र मोठी मजेदार आहे. कणाला चिकटलेलं एन्झाइम मंदावतं, पण टिकतं. ज्या जिवाणूने ते बनवलं तो केव्हाच मरून गेला तरी ते राहतं. १९६० च्या दशकात स्कुयिन्श आणि मॅक्लॅरन यांना अलास्कातल्या सुमारे ९००० वर्षं जुन्या गोठलेल्या मातीतही युरिएजची क्रिया सापडली होती. म्हणजे मी पिवळा रंग मोजते तेव्हा त्यात आजच्या जिवाणूंचा वाटा किती आणि त्यांच्या खापरपणजोबांचा किती, हा हिशेब वेगळाच करावा लागतो. डिहायड्रोजिनेज सोबत मोजायचं ते त्यासाठीच.

आता त्या खड्ड्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. मे महिन्यात काळी जमीन भेगाळते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. हातभर काठी घातली तर गडप होते. आमच्या खड्ड्याच्या उत्तरेच्या भिंतीतून अशी एक भेग बरोबर उभी खाली गेली होती, जवळजवळ मीटरभर. तिच्यात वरची भुसभुशीत माती ओघळून भरली होती. सोयाबीनच्या कुटाराचे तुकडे होते, पऱ्हाटीचं एक वाळकं पान होतं, आणि तुरीचं एक सोटमूळ त्याच वाटेने खाली उतरलं होतं. त्याच खोलीवर मी दोन नमुने घेतले. एक भेगेतल्या भरावाचा, दुसरा तिच्यापासून वीतभर बाजूच्या घट्ट चकचकीत ढेकळातला. प्रयोगशाळेत दोन्ही चंचुपात्रं शेजारी ठेवली. ढेकळाचं पाणी कंट्रोलसारखंच फिकट, आणि भेगेचं पिवळं, जवळजवळ फूटभर खोलीच्या मातीइतकं. एकाच भिंतीतल्या, एकाच खोलीवरच्या दोन मातींचा हा फरक. आपण दोन्ही कालवून 'साठ ते नव्वद सेंटिमीटर' असं लेबल लावतो तेव्हा हाच फरक पुसून टाकतो.

एका खड्ड्यावरून सिद्धांत मांडायचा नसतो. पण हे चित्र एकटंही नाही. फ्रान्समधल्या एका गवताळ जमिनीतली ६० ते ८० सेंटिमीटर खोलीची माती घेऊन सेबास्तियँ फोंतेन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला होता. तो २००७ मध्ये छापून आला. त्या मातीतला कर्ब सरासरी अडीच हजार वर्षं जुना, कुणी हात न लावलेला. त्यात त्यांनी नुसतं ताजं सेल्युलोज घातलं, तर जिवाणू कामाला लागले आणि त्या भरात जुना कर्बही कुजवू लागले. इतकी शतकं तो टिकला होता कारण जिवाणूंकडे तो फोडण्याइतकी ऊर्जाच नव्हती. एन्झाइम बनवायला खर्च लागतो, आणि उपाशी जिवाणू तो करत नाही.

यातून एक पेच उभा राहतो. जगातल्या मातीच्या पहिल्या मीटरमध्ये साधारण १५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मीटरमध्ये मिळून आणखी ८४० अब्ज टनांच्या आसपास. मुळं आणि पालापाचोळा खाली पोचवला तर जुना कर्ब पेटून हवेत जाईल का? कॅलिफोर्नियाच्या ब्लॉजेट जंगलात मीटरभर खोलीपर्यंतची माती ४ अंशांनी तापवून बघितली, तेव्हा मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड ३४ ते ३७ टक्क्यांनी वाढला. म्हणजे खालचा थर हलतो, हे नक्की.

तरीही आपल्या काळ्या मातीसाठी माझा कौल मुळांच्या बाजूने आहे, आणि त्याला आधार हैदराबादजवळच्या पाटणचेरूचा. इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत १९७६ पासून काळ्या मातीवर दोन पद्धती शेजारी-शेजारी चालू होत्या. एकीत पावसाळ्यात रान पडीक आणि नंतर रब्बी पीक. दुसरीत रुंद सरी-वरंबा, ज्वारीत तुरीचं आंतरपीक, खतं वेळेवर. चोवीस वर्षांनी १२० सेंटिमीटरपर्यंत माती तपासली तर सुधारित पद्धतीत कर्ब वाढलेला होता. ६० ते १२० सेंटिमीटरच्या थरातही सूक्ष्मजीवांचं वस्तुमान जवळपास दुप्पट होतं. काही जुना कर्ब जळाला असेलही, पण शेवटी शिल्लक वाढलीच. बाटली न ओतता.

खारपाणात मात्र आधी पाण्याला वाट हवी. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं, पण हुसकावलेलं सोडियम धुऊन न्यायला निचरा लागतो. नाहीतर ते तिथेच घुटमळतं. चर काढलेले असतील तर जिप्समचा पैसा वसूल होतो. ढेंचा चोपण जमिनीतही तग धरतो, तो पेरून गाडला तर वरच्या थराला ताजं खाद्य मिळतं. तूर सगळ्यात खोल जाते, पण पाणी साचलं की उबळते. म्हणून चिबडणाऱ्या धुऱ्याकडे ती लावू नका, हे काकाजींनीच मला सांगितलं.

आणि माती तपासणीचं. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ मध्ये सुरू झाली, योजना चांगलीच आहे. त्यात १२ घटक असतात आणि त्यांत जिवाणूंचा किंवा एन्झाइमचा एकही नाही. त्याची मला तितकी खंत नाही. प्रत्येक तालुक्यात चंचुपात्रं घेऊन बसणारं कोणी नसतं. पण नमुना १५ ते २० सेंटिमीटरवरचाच घेतात, ते खारपाणासाठी पुरेसं नाही, असं माझं ठाम मत आहे. निदान एक नमुना तीन फुटांवरचा घ्या आणि सामू व सोडियम बघा. शेततळं खोदाल तेव्हा तर फुकटात संधी आहे. भिंत ताजी असतानाच उतरून बघा, चकचकीत ढेकळं किती फुटांवर सुरू होतात आणि मुळं कुठे थांबलीत ते.

आमचं पुढचं काम सप्टेंबरात. मेच्या खड्ड्याने उन्हाळ्याची बाजू सांगितली. भर पावसाळ्यात भेगा मिटतात, तुरीचं मूळ जिवंत असतं आणि खाली हवा जवळजवळ नसते, तेव्हा त्याच जागी काय चाललंय ते बघायचंय. जेसीबीवाला आत्ताच नाही म्हणून मोकळा झालाय, त्याचं बरोबरच आहे, त्या चिखलात यंत्र फसलं तर ट्रॅक्टर लावून ओढावं लागेल. त्यामुळे हाताच्या ऑगरने, म्हणजे माती काढायच्या गिरमिटाने, नमुने काढायचे. ओल्या काळ्या मातीत ऑगर तीन फुटांवर गेला की वर यायला तयार नसतो, दोघं-तिघं लोंबकळावं लागतं. काकाजी येतो म्हणालेत. आम्लाची बाटली मात्र आणायची, ही त्यांची अट आहे.